आवक क्रमांक देणार कोण?

तहसील कार्यालयात मी लिपिक म्हणून लागले तेव्हा पहिले टेबल मिळाले ते आवक-जावकचे. त्या टेबलाला कार्यालयात फारसा मान नसतो. नव्या माणसाला तिथे बसवतात, कारण तिथे निर्णय घ्यायचा नसतो. आलेला कागद घ्यायचा, शिक्का मारायचा, तारीख टाकायची, नोंदवहीत एक ओळ लिहायची आणि अर्जदाराच्या दुसऱ्या प्रतीवर तोच क्रमांक घालून ती त्याला परत द्यायची. अर्ज चुकीच्या कार्यालयात आलेला असो, तिकीट लावलेले नसो, सोबत एकही कागद नसो, अक्षर लागत नसो, तो घ्यायचाच. आमच्या अव्वल कारकुनांनी मला पहिल्याच आठवड्यात बजावले होते, "बाई, अर्ज बरोबर आहे का ते बघणं तुमचं काम नाही. आलाय ना? मग नंबर द्या."

त्या सांगण्यात केवढा कायदा भरलेला होता, हे मला पुढे नायब तहसीलदार झाल्यावर उमगले. आवक क्रमांक पडला की अर्जाची जबाबदारी सरकारवर येते. त्याचे पुढे काय झाले हे विचारता येते. तो फेटाळायचा असेल तर कोणत्या नियमाने, हे कुणाला तरी स्वतःच्या सहीने लिहावे लागते. त्या सहीविरुद्ध प्रांताकडे अपील करता येते, तिथून वर जाता येते, माहिती अधिकारात संचिका मागता येते, आमदाराला गाठून विधानसभेत प्रश्न लावता येतो. नागरिकाला सरकारला जाब विचारायचा असेल तर या प्रत्येक वाटेची सुरुवात त्या क्रमांकापासून होते.

आज बहुतेक योजनांचे आणि दाखल्यांचे अर्ज पोर्टलवरून करावे लागतात आणि तिथे आवकचे टेबल राहिलेले नाही. त्याच्या जागी एक फॉर्म आहे. काही रकान्यांपुढे लाल स्टार असतो. तो रकाना भरला नाही, किंवा फॉर्मला अपेक्षित आहे तसा भरला नाही, तर 'सबमिट' होत नाही. म्हणजे जे काम आवकच्या कारकुनाने करायचे नाही असा दंडक होता, तेच काम आता सगळ्यात आधी होते. अर्ज बरोबर आहे का हे पाहिले जाते आणि मगच तो घेतला जातो.

हा फरक तांत्रिक वाटतो, पण नागरिकाच्या दृष्टीने तो फार मोठा आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ हा चांगला कायदा आहे, मी त्याची अंमलबजावणी केली आहे. अर्जाची पोच द्या, मुदतीत सेवा द्या, नाकारायची असेल तर कारणे लेखी द्या, पहिले अपील, दुसरे अपील, त्यानंतर आयोग, कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड, हे सगळे त्यात आहे. यातले प्रत्येक कलम अर्ज दाखल झाल्यावर जागे होते. ज्या बाईचा फॉर्म पडद्यावरच अडला, तिचा अर्ज कायद्याच्या लेखी जन्मालाच आलेला नाही. तिला कुणी नाकारलेले नाही, म्हणून लेखी कारण नाही. आदेश नाही, म्हणून अपील नाही. महिन्याच्या अहवालात ती 'प्रलंबित'मध्येही येत नाही आणि 'नामंजूर'मध्येही येत नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या बैठकीत तो अहवाल शंभर टक्के निपटारा दाखवतो आणि आकडे म्हणून तो खोटाही नसतो.

निवृत्तीनंतर मी आमच्या गावच्या वाचनालयात आठवड्यातून काही सकाळी बसते. कुणाला अर्ज लिहून हवा असेल, आलेल्या नोटिशीचा अर्थ समजून घ्यायचा असेल, तर लोक येतात. मागे गावाबाहेरच्या पारधी वस्तीतली एक आजी आली, नातवाला घेऊन. तिला वृद्धांसाठीच्या एका योजनेचा अर्ज करायचा होता. मी दोघांना घेऊन शेजारच्या सेवा केंद्रावर गेले. केंद्र चालवणारा मुलगा भला आहे, म्हाताऱ्या माणसांकडून जास्तीचे पैसे घेत नाही. त्याने नाव टाकले, वडिलांचे नाव टाकले आणि थांबला.

"आजी, आडनाव?"

"न्हाई बाबा आमाला आडनाव."

"मॅडम, स्टारवालं आहे. भरल्याशिवाय पुढं जात नाही."

मी म्हटले, "नसेल तर काय करायचं ते खाली काही लिहिलंय का?" काहीच लिहिलेले नव्हते. त्याने एक टिंब टाकले. फॉर्मने टिंब घेतले नाही, किमान तीन अक्षरे मागितली. मग त्याने विचारले, "जातीचंच नाव टाकू का? बाकीच्यांचं तसंच टाकतो." आजीच्या आधार कार्डावर तिचे एकच नाव आहे. पोर्टलवर आडनाव पडले असते तर पुढच्या टप्प्यावर आधारशी नाव जुळले नसते, आणि आपली माहिती विसंगत का, असा प्रश्न आजीलाच आला असता. वर, जिच्या जमातीला इंग्रज सरकारने कायदा करून जन्मजात गुन्हेगार ठरवले होते, त्या बाईच्या नावापुढे सरकारी नोंदीत जमातीचे नाव आडनाव म्हणून कायमचे चिकटले असते, तेही एका रकान्याची अडचण सोडवायला. मी तसे करू दिले नाही. तिचा अर्ज कागदावर लिहिला, संबंधित कार्यालयात नेला. तिथल्या लिपिकाने तो घेतला नाही. "ऑफलाइन बंद आहे, मॅडम. घेतला तरी मला तो कुठं टाकताच येत नाही." तो खरे सांगत होता. त्याच्या लॉगिनमध्ये तशी सोयच नव्हती.

भारताच्या कोणत्याही कायद्यात नागरिकाला आडनाव असलेच पाहिजे असे म्हटलेले नाही. मग हा नियम कुणी केला?

अशा काही पोर्टलच्या तयारीच्या बैठकांना खात्याकडून आम्हाला बोलावले जायचे, म्हणून तो नियम कसा होतो हे मी जवळून पाहिले आहे. कंपनीची तरुण मुले लॅपटॉप घेऊन बसलेली असतात. पडद्यावर फॉर्म लावतात आणि एकेका रकान्यावर विचारतात, "सर, हे मँडेटरी ठेवायचं?" समोर तीन-चार अधिकारी असतात, दुपारची वेळ असते, प्रत्येकाला आपापल्या तालुक्याला परतायचे असते. कुणीतरी म्हणतो, "ठेवा ठेवा, असलेलं बरं." दुसरा म्हणतो, "ऑडिटला विचारलं तर आपल्याकडे पाहिजे." शासन निर्णय कुणी उघडत नाही. मुलगा खूण करतो आणि खालच्या रकान्याकडे जातो. बैठकीच्या शेवटी एका कागदावर सह्या होतात आणि दोन महिन्यांनी राज्यातल्या लाखो माणसांना तो रकाना लागू होतो. कंपनीच्या मुलांना मी दोष देत नाही. त्यांनी विचारले तरी. त्या खोलीत आपण कायदा करतो आहोत, असे वाटणारे कुणी नसते, हीच माझी तक्रार आहे.

विधिमंडळाने केलेल्या कायद्याखाली खात्याला साधे नियम करायचे असले तरी केवढी रीत असते. बहुतेक वेळा आधी मसुदा राजपत्रात छापायचा, हरकती-सूचना मागवायच्या, आलेल्या हरकतींचा विचार करायचा, अंतिम नियम पुन्हा छापायचे आणि सभागृहापुढे ठेवायचे. सभागृह ते बदलू शकते, रद्दही करू शकते. आमदार ते वाचतात किती हा वेगळा प्रश्न, पण वाचायचे ठरवले तर नियम समोर असतात. रकान्याच्या नियमाला यातले काहीच नाही. आज रात्री नवे व्हर्जन चढवले की उद्या सकाळी नियम बदललेला असतो, आणि काल तो काय होता हे सिद्ध करायला नागरिकाकडे काही नसते.

आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९५१ साली हारला विरुद्ध राजस्थान राज्य हा खटला आला होता. हारला नावाच्या माणसाला जयपूर संस्थानच्या अफू कायद्याखाली पन्नास रुपये दंड झाला होता. तो कायदा संस्थानच्या मंत्रिमंडळाने १९२३ साली ठराव करून केला, पण तो राजपत्रात छापला नाही की दुसऱ्या कुठल्या मार्गाने लोकांना कळवला नाही. न्यायालयाने शिक्षा रद्द केली. बंद खोलीत झालेला आणि लोकांपर्यंत न पोहोचलेला ठराव कायदा म्हणून लोकांवर बंधनकारक करणे नैसर्गिक न्यायाला धरून नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. निकाल लिहिला न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी. प्रकरण पन्नास रुपयांचे होते, तरी त्यांनी ते मुळापर्यंत नेले. आडनावाचा रकाना सक्तीचा करणारा निर्णय त्या अफूच्या ठरावापेक्षा कोणत्या अर्थाने अधिक जाहीर आहे, हे मला कुणीतरी समजावून सांगावे.

अमेरिकेतले कायद्याचे प्राध्यापक लॉरेन्स लेसिग यांनी १९९९ सालच्या आपल्या पुस्तकात मांडले होते की, संगणकाचा कोड हाही माणसाच्या वागण्याला बांधणारा एक प्रकारचा कायदाच असतो. मला त्यापुढे जाऊन वाटते की तो कायद्याहून कडक असतो. कायदा मोडता येतो. मोडला तर शिक्षा होईल, पण न्यायाधीशापुढे उभे राहून हा कायदाच चुकीचा आहे असे म्हणता येते, आणि कधीकधी तसे म्हणणारा जिंकतो. लाल स्टार मोडता येत नाही, मग त्याच्याविरुद्ध उभे कुठे राहायचे?

'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेत हे सगळ्या राज्याने पाहिले. योजनेचा शासन निर्णय जून २०२४ चा. त्यात विवाहित स्त्रियांबरोबर विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता आणि निराधार स्त्रियांना स्पष्ट शब्दांत पात्र धरले आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली. त्या पडद्यावर बाईने स्वतःचा आधार क्रमांक आणि ओटीपी दिल्यावर पुढचा टप्पा होता पती किंवा वडिलांच्या आधारचा आणि त्यांच्या मोबाइलवर आलेल्या ओटीपीचा. कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे का हे तपासायचे होते, तो हेतू रास्त होता. पण जिचा नवराही नाही आणि वडीलही नाहीत तिने काय करायचे? जिला नवऱ्याने टाकले आहे, तिने त्याच्याकडे ओटीपी मागायला जायचे? शासन निर्णयाने जिला नाव घेऊन आत घेतले होते, तिलाच पडद्याने दाराबाहेर ठेवले.

ओरड झाली, बातम्या आल्या, मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली आणि अशा स्त्रियांना पतीचा किंवा वडिलांचा मृत्यूचा दाखला, घटस्फोटाचा कागद, न्यायालयाचा आदेश असे काही जमा करण्याची वाट दिली गेली. ती दिली हे चांगलेच झाले. पण परित्यक्तेकडे कागद कोणता असणार? टाकून जाणारा नवरा दाखला देऊन जात नाही. आमच्या काळी अशा बाईचा अर्ज आला की तलाठी आणि मंडळ अधिकारी गावात जाऊन पंचनामा करायचे, शेजारपाजारच्या चार जणांचे जबाब घ्यायचे आणि त्यावर निर्णय व्हायचा. वेळखाऊ होते, पण बाई कागदाविनाही खरी ठरू शकत होती. हा फॉर्म आखताना एखाद्या अंगणवाडी सेविकेला शेजारी बसवून 'तुमच्या यादीत असं कोण कोण आहे?' एवढे विचारले असते तरी हा घोळ पहिल्या दिवशी लक्षात आला असता.

दुसरे उदाहरण आमच्याच खात्याचे आहे आणि त्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण त्यात वरवर कुणाचेच नुकसान दिसत नाही. पीक पाहणी. पिकांच्या नोंदीचा गाव नमुना बारा भरण्याची रीत महाराष्ट्र जमीन महसूल संहितेखालच्या १९७१ च्या नियमांत घालून दिली आहे. तलाठ्याने गावाला आधी कळवायचे, कोतवालाने दवंडी द्यायची, मग बांधावर जायचे, पीक पाहायचे आणि नोंद घ्यायची. अनेक तलाठी हे काम चावडीत बसून करायचे, मागच्या वर्षीचा कापूस यंदाही कापूस, हे मी नाकारत नाही. म्हणून १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर अॅप घ्यायचे, शेतात जाऊन फोटो काढायचा, पिकाची नोंद करायची. कल्पना आकर्षक आहे आणि 'माझा सातबारा, मीच लिहिणार' अशा उमेदीने तिचे स्वागत झाले. मीही तेव्हा शिबिरे घेतली.

पण त्यातून दोन गोष्टी घडल्या. पहिली, जे कर्तव्य सरकारी नोकराचे होते ते शेतकऱ्याचे झाले. तलाठ्याने नोंद केली नाही तर कसूर तलाठ्याची होती, आता नोंद राहिली तर शेतकऱ्याला विचारतात, 'तुम्ही वेळेत का केली नाही?' अतिवृष्टीची भरपाई, विमा, हमीभावाने खरेदी, सगळ्यांना पिकाची नोंद लागते. सर्व्हर चालत नाही, रेंज नाही, फोन साधा आहे, मुलगा पुण्याला आणि म्हातारा एकटा शेतात, हे सगळे धोके राज्याच्या अंगावरून उतरून त्या म्हाताऱ्याच्या अंगावर आले. राहिलेल्या नोंदींसाठी पुढे गावोगाव सहायक नेमले गेले, त्याने पुष्कळ भार हलका झाला, पण कर्तव्य कुणाचे या प्रश्नाचे उत्तर बदलले ते बदललेच.

दुसरी गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. बांधावर उभा असलेला तलाठी पीक पाहायचा तसे ते पीक कसणारा माणूसही पाहायचा. सातबारावरच्या माणसाऐवजी दुसराच कुणी जमीन कसताना आढळला तर त्याने नमुना चौदामध्ये तहसीलदाराला कळवायचे आणि तहसीलदाराने चौकशी करून ठरवायचे, अशी तरतूद त्याच नियमांत आहे. बटईने कसणारा, सासऱ्याच्या नावावरची जमीन एकटीने करणारी विधवा सून, भावकीत वाटणी न झालेल्या शेतात राबणारा धाकटा, यांना सरकारच्या नजरेत येण्याची ती एक फट होती. अॅप उघडते ते खातेदाराच्या नावाने. कसणारा कोण, हे ते विचारत नाही. कसणाऱ्याला नोंदीबाहेर ठेवा असे कोणत्याही मंत्र्याने म्हटले नाही, विधिमंडळात तशी चर्चा झाली नाही. लॉगिन खातेदाराचे, एवढ्या एका रचनेने ते झाले. कुळकायदा करताना ज्या प्रश्नावर या राज्यात मोर्चे निघाले, सभागृहात चर्चा झाली, तो प्रश्न इथे कुणाच्या ध्यानीमनी नसताना निकालात निघाला.

मला ठाऊक आहे, हे वाचून अनेकजण म्हणतील, बाई, तुमच्या आवकच्या टेबलावर काय चालायचे ते आम्हाला विचारा. 'साहेब नाहीत, उद्या या', 'चहापाण्याचं बघा', जातीवरून ताटकळत ठेवणे, ओळखीच्याचा कागद वर. हे खरे आहे आणि त्याचा राग मला तुमच्याइतकाच आहे. पंधरा रुपयांत डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळतो, यामुळे किती हेलपाटे वाचले याची मी साक्षीदार आहे. कारकुनापुढे हात जोडण्यापेक्षा यंत्रापुढे बसणे कितीतरी गोरगरिबांना सुखाचे वाटते. ती प्रतिष्ठा त्यांच्याकडून कुणी काढून घेऊ नये. पण कारकुनाने कागद घेतला नाही तर ते बेकायदा होते आणि ते बेकायदा आहे हे त्यालाही माहीत होते. रजिस्टर पोस्टाने पाठवला की त्याला घ्यावाच लागायचा. पोर्टलचा नकार बेकायदा ठरवणारा नियमच आपण केलेला नाही आणि पोर्टलला पोस्टाने काही पाठवता येत नाही.

न्यायालयात जाणाऱ्यांना न्याय मिळालेला आहे. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा जुन्या करांची शिल्लक वजावट नव्या करात आणण्याचा हक्क कायद्याने दिला, पण त्यासाठीचा ट्रान-१ फॉर्म पोर्टलवर मुदतीत भरता न आल्याने असंख्य व्यापाऱ्यांची वजावट अडकली. देशभर याचिका झाल्या आणि अखेर जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन महिन्यांसाठी पोर्टल पुन्हा उघडायला लावले. पाच वर्षे लागली, आणि भांडणारे सनदी लेखापाल आणि वकील बाळगणारे होते. ३० एप्रिल २०२५ ला त्याच न्यायालयाने अॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिहीन याचिकाकर्त्यांच्या प्रकरणात निकाल दिला. केवायसी करताना कॅमेऱ्यापुढे पापणी मिचकावून जिवंत असल्याचे दाखवावे लागे, आणि ज्यांच्या पापण्याच जळाल्या होत्या त्यांना ते शक्य नव्हते. न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि वीस निर्देश दिले. या निकालाचे मोल मोठे आहे. तरी पापणीची अट कुणी लिहिली आणि लिहिण्याआधी कुणाला विचारले, हा प्रश्न शिल्लक राहतो. वस्तीतल्या आजीने आडनावासाठी दिल्लीपर्यंत जावे अशी अपेक्षा करता येणार नाही.

यंत्राला प्रश्न विचारायची जागा ठेवली नाही की काय होते, हे ब्रिटनने फार महाग शिकून घेतले. तिथल्या टपाल खात्याने फुजित्सू कंपनीची होरायझन नावाची हिशेबाची प्रणाली बसवली. गावोगावची छोटी टपाल कार्यालये चालवणाऱ्यांच्या हिशेबात ती नसलेली तूट दाखवू लागली. हिशेबाची मुदत संपली की पडद्यावरची तूट मान्य करून पुढे जायचे, 'मला हा आकडा मान्य नाही' असे नोंदवायचे बटणच त्यात नव्हते. फार तर मदत केंद्राला फोन करायचा. लोकांनी घर गहाण ठेवून खिशातून पैसे भरले. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक जणांना चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरवले गेले. तिथली न्यायालये उलट पुरावा नसेल तर संगणक नीट चालतो असेच गृहीत धरत होती आणि उलटा पुरावा त्या माणसांच्या हाताबाहेर, कंपनीकडे होता. २०१९ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने प्रणालीत दोष होते हे मान्य केले, २०२४ मध्ये संसदेने खास कायदा करून शिक्षा रद्द केल्या. तोवर काही जणांनी तुरुंग भोगला होता, काही जण या जगात नव्हते. एक बटण नव्हते, आणि ते नसावे हे कोणत्याही संसदेने ठरवलेले नव्हते.

म्हणून माझी मागणी साधी आहे आणि ती मी खात्यात होते तेव्हाही लेखी केली होती. राज्य सरकारच्या प्रत्येक पोर्टलवर, कितीही रकाने रिकामे असले तरी, अर्ज आहे तसा दाखल करण्याची सोय असली पाहिजे. 'हा रकाना मला लागू नाही' किंवा 'हा कागद माझ्याकडे नाही, कारण असे' हे अर्जदाराने आपल्या शब्दांत लिहावे, त्याला क्रमांक पडावा आणि तो अर्ज नाव आणि पदनाम असलेल्या माणसाच्या लॉगिनला जावा. त्या माणसाने तो मंजूर करावा, नाहीतर नियमाचा क्रमांक देऊन नाकारावा. बाधित व्यक्तीला निर्णयाची कारणे द्या, हे माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मध्ये २००५ पासून लिहिलेले आहे. यासाठी नवा कायदाही नको, एक शासन निर्णय पुरे.

दुसरे, प्रत्येक लाल स्टारवर बोट ठेवले की तो कोणत्या कलमाने किंवा शासन निर्णयाच्या कोणत्या परिच्छेदाने सक्तीचा आहे, हे दिसावे. ज्या रकान्याला असा आधार दाखवता येत नाही, त्याचा स्टार काढून टाकावा. माझा अंदाज आहे की निम्मे स्टार त्याच दिवशी जातील, आणि कामकाजाचे काही बिघडणार नाही. रकान्याची अट बदलली की बदल कधी झाला, कुणाच्या सहीने झाला, आधी काय होते, याची नोंद सर्वांना पाहता यावी, जशी फेरफार नोंदवही पाहता येते. आम्ही एका गुंठ्याच्या नोंदीत बदल करताना नोटीस काढतो, हरकतीसाठी मुदत देतो आणि मगच मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. लाखो लोकांच्या पात्रतेत बदल करताना त्याहून कमी काळजी का घ्यावी?

तिसरी गोष्ट विधिमंडळाच्या अखत्यारीतली आहे. खात्यांनी केलेले नियम मूळ कायद्याला धरून आहेत का, हे तपासायला सभागृहाची उपविधान समिती असते. येत्या अधिवेशनात तिने सगळ्यात जास्त अर्ज येणाऱ्या दहा योजना निवडाव्यात, खात्यांच्या सचिवांबरोबर पोर्टल बनवणाऱ्यांनाही बोलवावे आणि फॉर्म पडद्यावर लावून एकेका सक्तीच्या रकान्याचा आधार विचारावा. त्या बैठकीला एखादी अंगणवाडी सेविका, एखादा सेवा केंद्र चालवणारा मुलगा आणि आडनाव नसलेले एखादे माणूसही असावे. अर्ज कुठे आणि का अडतो, हे त्यांच्याइतके नेमके समितीला दुसरे कुणी सांगू शकणार नाही.